वाचलेले उंदीर

उंदीर मेले की अमीनाला हायसं वाटायचं, आणि हे घरी सांगण्यासारखं नव्हतं.

सगळे नव्हेत, फक्त डाव्या मांडणीवरच्या पिंजऱ्यांतले. त्यांना लस टोचलेली नसायची. गुरांना होणाऱ्या घटसर्पाचे जिवंत जंतू टोचल्यावर दुसऱ्या दिवशी ते आडवे पडलेले दिसायलाच हवेत. तसे दिसले म्हणजे जंतू जोरकस होते, एवढं ठरलं. उजव्या मांडणीवरच्यांना आधी लस मिळालेली असायची, मग तेच जंतू, तेवढेच. ते भुसा उकरत, मिशा पुसत हिंडत राहिले म्हणजे लस खरी. डावीकडचे मेल्याशिवाय उजवीकडच्यांच्या जगण्याला अर्थ नाही, हे टिपणीस सरांनी तिला कॉलेजात फळ्यावर शिकवलं होतं. आता रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात ती तेच स्वतःच्या हातांनी करत होती.

कारखाना तसा लहान. आजूबाजूला रसायनांच्या मोठ्या कंपन्या, आणि मध्ये हा गुराढोरांच्या लसी करणारा. टिपणीस सर कॉलेज सोडून इथे तपासणी विभागाचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा त्यांनी आपल्या हाताखाली अमीनाला मागून घेतलं. तिचे अब्बा, मुरादभाई, कुवेतहून कायमचे परतले होते आणि मुलीने कंपनीत जाणं त्यांना पसंत नव्हतं. सर स्वतः रोह्याच्या मोहल्ल्यात घरी आले, ओसरीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मुरादभाई, एवढ्या वर्षांत माझ्या वर्गात 'का' विचारणारी ही एकच मुलगी निघाली. तिला घरात बसवू नका. ती माझ्या जबाबदारीवर येईल." अब्बांनी पुढे काही विचारलं नाही. अमीनाचंही त्या दिवसापासून सरांना 'का' विचारणं कमी झालं. पण हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

उंदरांची खोली सांभाळायला कान्हू होता. पेणजवळच्या गडब गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, अमीनाहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी, पिल्लं जन्मली की ती वाढवणं, सगळं त्याच्याकडे. कागदावर त्या खोलीला अ‍ॅनिमल हाउस म्हणत. कान्हू तिला उंदीरवाडी म्हणायचा, आणि आता सगळा कारखानाच उंदीरवाडी म्हणू लागला होता. दुपारी दोघं मागच्या आंब्याखाली डबा खायचे. तिच्या डब्यातला खिमा तो हक्काने घ्यायचा आणि त्याच्या आईने भाजलेली तांदळाची भाकरी ती.

त्या मे महिन्यात उकाड्याने उंदरांची पैदास मार खाऊन गेली होती. पावसाआधी गावोगावी द्यायची लसीची मोठी बॅच मात्र तपासायला उभी होती. अमीनाने लस टोचली, मधले दिवस जाऊ दिले, जंतू टोचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंदीरवाडीत शिरली तर कान्हू दारातच उभा.

"ताई, डावीकडचं घर बसलं. उजवीकडचे पाव्हणे न्याहारी करतायत."

"सगळे?"

"एक पन कमी नाय. या, मोजा."

तिने मोजले. उजवीकडचा एकही उंदीर साधा मलूलसुद्धा नव्हता. इतका स्वच्छ निकाल तिने आजवर पाहिला नव्हता. चांगल्या लसीतही एखाद-दुसरा दगावतोच.

"कान्हू, हे जरा थोराड नाहीत का रे?"

"खाऊनपिऊन सुखी हायेत. तुमच्यावानी अर्धा डबा परत नेत नाय."

ती हसली. टोचायच्या दिवशीही तिला तसं वाटलं होतं, आणि तिने सरांना सांगितलंही होतं. सर म्हणाले होते, "उन्हाने पिल्लं मेली, माहीत आहे ना तुला? आहेत त्यांत भागवायचं. डावीकडचे लहान, उजवीकडचे थोडे मोठे, तशी नोंद कर आणि पुढे चल." सर म्हणाले म्हणजे विषय संपला. तिने नोंद केली, निकाल लिहिला, आणि सरांनी तिच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली.

ती बॅच ज्या गावांना गेली त्यांत गडबही होतं.

खरं तर गडबला दरवर्षी पेणच्या सरकारी दवाखान्यातून लस यायची. डॉक्टर यायचे, गुरांना टोचायचे, जायचे. ह्या खेपेला दूध गोळा करणाऱ्या संघाने कंपनीची लस आधी आणली, आणि गावात कुजबुज सुरू झाली की ही कसली, कुठली. कान्हूची आई इंदुबाई सगळ्यांत पुढे. तिच्या दोन म्हशी, चंद्री आणि मोगरी. त्यांच्या दुधावर पेणची दोन हॉटेलं आणि तिचं घर चालायचं.

"तुम्हीच चला न् समजवा," कान्हू अमीनाला म्हणाला. "माझं ती ऐकत नाय. म्हणते, तू उंदरांचं हगणं काढतोस, तुला काय कळतंय."

म्हणून एका रविवारी अमीना एसटीने गडबला उतरली. हायवेवरच्या टपऱ्या मागे टाकून, बांधावरून चालत त्यांच्या अंगणात पोचली तेव्हा शेजारचा जगन ओट्यावर विडी ओढत बसला होता.

"इंदुकाकू, उंदरांची डॉक्टरीण आली बघ गो!"

"तुझ्या बिळाला औषध घालायला आलीय," इंदुबाई आतून म्हणाली, आणि बाहेर येऊन तिने अमीनाला पाट दिला. "बस गो पोरी. कान्हू सांगतो, तू लय शिकलेली. मला एक सांग. सुई टोचली की दोन दिस दूध आटतं. ते आटंल ते आटंल. पन उंदराला टोचून म्हशीचं कसं कळतं?"

अमीनाला हा प्रश्न आवडला. कॉलेजात कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

"मावशी, लसीत त्याच रोगाचे जंतू असतात, पण मारलेले. ते अंगात गेले की अंग त्यांना ओळखून ठेवतं. पुढे जिवंत जंतू आले की अंग गाफील नसतं, लगेच उठतं. उंदराचं अंग आणि म्हशीचं अंग या बाबतीत सारखंच वागतं."

इंदुबाईने थोडा विचार केला. "म्हंजी चोराचं तोंड आदी दाखवून ठेवायचं."

"हां. पण मेलेल्या चोराचं."

"न् तू बघितलंस? उंदीर जगले?"

"मी माझ्या हाताने टोचले, मावशी. माझ्या डोळ्यांनी मोजले. एकही मेला नाही."

इंदुबाई तिच्याकडे बघत राहिली. मग जगनकडे वळून म्हणाली, "पोर खोटं बोलत नाय. उद्या माझ्या दोघी आदी लाव लायनीत."

गडबने कंपनीची लस घेतली. आठवड्याने सरकारी डॉक्टर आले तेव्हा गावाने त्यांना सांगितलं, झालं सगळं, आता नको. आणि ते परत गेले.

पाऊस लागला. लावण्या सुरू झाल्या, शेतांत पाणी उभं राहिलं. एका सोमवारी कान्हू कामावर आला नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी संघाच्या टेंपोवाल्याने गेटवर सांगितलं, गडबला गुरं मरतायत. सकाळी चारा सोडतात, दुपारी गळा सुजतो, लाळ गळते, घशात घरघर लागते, संध्याकाळी संपतात.

अमीना तशीच निघाली. अंगणात पोचली तेव्हा परसात खड्डा खणून तयार होता आणि चंद्री त्यात उतरवलेली होती. कान्हू मिठागरातून आणलेलं मिठाचं पोतं फोडून वरून ओतत होता. त्याने एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. जगन बांधावर उभा होता, आज विडी नव्हती.

"आल्या डॉक्टरीणबाई. उंदीर कसे हायेत तुमचे? बरे ना?"

"गप ऱ्हा रं," इंदुबाई म्हणाली. तिने आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर अमीनाला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "टोचलं व्हतं ना गो तिला? तूच म्हणालीस ना, अंग ओळखून ठेवतं?"

 परतीच्या एसटीत अमीना सगळ्या शक्यता एकेक करून तपासत बसली. वाटेत बर्फ वितळून लस तापली असेल? पण डबे तर नेहमीसारखेच बर्फाने भरून गेले होते. टोचणाऱ्याने डोस कमी दिला असेल? सगळ्यांनाच? तिला ह्यांतलं काहीच पटेना. घरी पोचेपर्यंत एकच गोष्ट करण्यासारखी उरली होती. त्या बॅचच्या काही बाटल्या कारखान्याच्या शीतगृहात राखून ठेवलेल्या असतात. त्यातली लस घ्यायची आणि प्रयोग पुन्हा करायचा.

तोवर नवी पिल्लं वाढली होती. तिने उंदीर स्वतः निवडले, स्वतः तोलले, दोन्ही मांडण्यांवर सारखे वाटले. कान्हू कामावर परत आला होता, पण डबा खायला आंब्याखाली येत नव्हता.

"कशाला परत करता?" त्याने विचारलं. "म्हस तर गेली."

"का गेली ते नको कळायला?"

"कळून काय ती येनार हाय?"

"मोगरी आहे ना अजून," ती म्हणाली.  पिंजऱ्याचं दार लावताना त्याचा हात अडखळला, आणि तिला वाटलं, दुःखाने.

लस देऊन झाली, मधले दिवस गेले, जंतू टोचून झाले. दुसऱ्या सकाळी दारात कान्हू नव्हता. अमीना एकटीच आत गेली. डावीकडचे उंदीर मेले होते. उजवीकडचेही मेले होते. मधल्या एका पिंजऱ्यात दोघं जिवंत होते, अंग फुलवून कोपऱ्यात बसलेले, आणि दुपारपर्यंत तेही गेले.

ती स्टुलावर बसली. लस तीच, जंतू तेच, हात तोच. मग मे महिन्यात ते थोराड उंदीर कशाने वाचले? ही लस तर पाण्यासारखी होती. म्हणजे ते लसीने वाचले नव्हतेच. मग उंदराला या जंतूंपासून आणखी काय वाचवू शकतं?

एकच गोष्ट. ते जंतू त्यांनी पूर्वी पचवलेले असणं.

 मार्चमध्ये आणखी एका बॅचची तपासणी झाली होती. ती लस चांगली होती आणि तिचे उजवीकडचे बहुतेक उंदीर जगले होते. तपासणीतून वाचलेले उंदीर नंतर मारून जाळायचे, हा नियम. ते परत कधीच वापरायचे नाहीत, कारण अशा उंदराला लस दिली काय न दिली काय, तो मरायचा नाही. नळाचं पाणी टोचलं तरी ते पाणी उत्तम लस ठरेल.

कान्हू मागे हौदावर पिंजरे घासत होता.

"कान्हू, मार्चमधले वाचलेले उंदीर तू जाळले होतेस?"

त्याने ब्रश थांबवला नाही.

"कान्हू, मी तुला विचारतेय."

"नाय."

"का?"

"सर म्हणाले, ठेव." आता त्याने ब्रश खाली ठेवला. "म्हणाले, पुढं लागतील. मला पन बरंच वाटलं, ताई. आपण भाताचं बियाणं कसं ठेवतो? ज्या लोंब्या कीड लागून, वारं खाऊन उभ्या ऱ्हातात, त्याच पेंढ्याच्या मुडीत बांधतो ना? जे मेलं नाय तेच बी. मी म्हटलं, हे उंदीर पन तसेच. एवढ्यातनं जगले, म्हंजी जातीचे मजबूत. त्यांना जाळायचं ते कशाला?"

 किती सरळ होतं ते. गडबच्या कुठल्याही अंगणात हेच शहाणपण ठरलं असतं, आणि उंदीरवाडीत त्याच शहाणपणाने म्हैस मारली होती. क्षणभर तिला त्याचा रागच येईना. मग तिला आठवलं की लस दिलेल्या प्रत्येक उंदराच्या पाठीवर ती पिवळ्या रंगाचा ठिपका लावते. तो दीड-दोन महिने तरी दिसत राहतो.

"त्यांच्या पाठीवर माझा पिवळा रंग होता. मे महिन्यात मला दिसला कसा नाही?"

कान्हू हौदातल्या पाण्याकडे बघू लागला.

"जो उडाला नव्हता तो मी कातरला. केसं कातरली थोडी थोडी. सरांनी सांगितलं व्हतं, बाईंना दिसलं तर उगा प्रश्न विचारत बसतील."

"म्हणजे तुला ठाऊक होतं, माझ्यापासून लपवायचं आहे."

"मला कामावर कायम करनार व्हते, ताई."

"आणि तुझ्या आईला समजवायला मला घेऊन गेलास तू. तूच."

"मला काय ठाऊक लस खराब हाय! देवाशपथ! मला वाटलं, सर म्हणतात तर चांगलीच आसंल. उंदीर कमी हायेत म्हणून तेवढं..." त्याचा आवाज फुटला. "माझीच म्हस गेली ना?"

हे खरं होतं. म्हणून ती त्याला आणखी काही बोलली नाही. ती सरांकडे गेली.

टिपणीस सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ते संतापतील, तिला वेड्यात काढतील, म्हणून ती भांडायची तयारी करून आली होती. पण ते म्हणाले, "बस, अमीना. तू उत्तम विचार केलास. तुझ्या जागी मी असतो तर मीही याच वाटेने गेलो असतो."

"सर, मग हे खरं आहे?"

"वरून फार घाई होती. उंदीर नव्हते. बॅच चांगलीच असणार अशी माझी खात्री होती, नेहमीच्या पद्धतीने केलेली. म्हटलं, तपासणी ही औपचारिकता. चूक झाली. मोठी चूक." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "मी आजच उरलेला सगळा माल थांबवतो. गेलेला परत मागवतो. पण मला हे माझ्या पद्धतीने करू दे. तुझं नाव कुठे येता कामा नये. निकाल तू लिहिला आहेस. मुरादभाईंना मी शब्द दिलाय."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते सुटकेचं होतं. सरांनी चूक कबूल केली. एवढा मोठा माणूस, आपल्यासमोर. त्या संध्याकाळी तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली, की आपण त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं.

पुढच्या आठवड्यात ती शीतगृहात दुसऱ्याच कामाला गेली. त्या बॅचची खोकी मागच्या भिंतीला लावलेली असत. भिंत मोकळी होती. तिला बरं वाटलं. नष्ट करायला नेली असणार.

"ती खोकी जाळायला गेली का?" तिने गोदामाच्या कारकुनाला विचारलं.

"जाळायला? काय बोलता मॅडम! आज सकाळी जीपमध्ये भरली. गडबला फेरलसीकरण आहे ना. साहेब स्वतः गेलेत. म्हणाले, एका डोसने भागलं नाही, दुसरा देऊ. गावही शांत होईल आणि माल पण संपेल. तो उंदरांचा कान्हू पण गेलाय बरोबर."

ती तशीच गडबला निघाली. एसटी नागोठण्याला बराच वेळ उभी राहिली. कंडक्टर चहा पीत होता. अमीनाला खिडकीची कांब धरून ठेवावी लागली. सरांनी तिला खोटं सांगितलं होतं, हे एक. पण ते सांगताना त्यांनी तिची स्तुती केली होती. ती स्तुती किती नेमकी होती, तिला काय ऐकायला आवडेल हे किती बरोबर हेरलेलं होतं, ते तिला आत्ता दिसत होतं, आणि कॉलेजातली सगळी वर्षं मागे जाऊन एकेक करून नासत होती.

गडबच्या देवळापुढे टेबल मांडलं होतं. गुरांची रांग बांधापर्यंत गेली होती. सर छत्री धरून उभे, टोचणारा माणूस बाटलीतून सुई भरत होता, आणि कान्हू रांग सरळ करत होता. रांगेत पुढून तिसरी इंदुबाई, मोगरीचं दावं हातात घेऊन.

"थांबा!" अमीना धापा टाकत म्हणाली. "मावशी, टोचून घेऊ नका. ही तीच लस आहे. ती खोटी आहे."

 जगन म्हणाला, "घ्या. तवा म्हणत व्हती खरी, आता म्हणते खोटी. बाई, तुमचे उंदीर रोज पक्ष बदलतात काय?"

दोन-चार जण हसले. सर पुढे आले. त्यांच्या आवाजात माया होती.

"ही माझी विद्यार्थिनी. फार गुणी मुलगी आहे. तुमची जनावरं गेली ते तिने मनाला लावून घेतलंय. परवा एक प्रयोग चुकला हातून, तेव्हापासून असं चाललंय. अमीना, बेटा, जीपमध्ये जाऊन बस."

"प्रयोग चुकलेला नाही. मे महिन्यात जे उंदीर जगले ते लसीने जगले नव्हते. ते मार्चमधले वाचलेले होते. हा रोग त्यांनी आधीच पचवलेला होता." ती इंदुबाईकडे वळली. "मावशी, चोराने त्यांच्या घरात शिरून मारामारी केली होती. तोंड दाखवायची गरजच नव्हती. कान्हूने ते उंदीर ठेवले होते. विचारा त्याला."

इंदुबाईने दावं दुसऱ्या हातात घेतलं. "काय रं कान्हू? ही म्हणते ते खरं?"

कान्हू सरांकडे बघत नव्हता. तो अमीनाकडेही बघत नव्हता. तो मोगरीच्या शिंगांकडे बघत होता.

"बोल ना. उंदीर जुने व्हते?"

"नाय."

"नाय?"

"नाय गो आये. नवेच व्हते. ताईंचा कायतरी गैरसमज झालाय."

 हौदाजवळचं त्याचं रडणं, मुडीतलं बियाणं, कातरलेले केस, हे सगळं अमीनाजवळ होतं आणि त्यातलं काहीही ह्या देवळापुढे ठेवता येण्यासारखं नव्हतं. तिला वाटलं होतं, ज्याची म्हैस गेली तो तरी खरं बोलेल.

"चला, पुढे," सर म्हणाले. पहिली म्हैस पुढे गेली. दुसरी गेली. तिसरीची पाळी आली तेव्हा इंदुबाई जागची हलली नाही. ती मुलाच्या तोंडाकडे अजून बघत होती. लहानपणापासून ते तोंड तिने पाहिलं होतं, त्यावर खोटं कसं दिसतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने दावं ओढलं, मोगरीला रांगेतून वळवलं आणि बांधाने घराकडे चालू लागली. मागून कान्हूने हाक मारली, "आये!" तिने मान वळवली नाही. बाकीची रांग पुढे सरकली.

अमीना जीपमध्ये बसली नाही. हायवेवर येऊन तिने पेणची एसटी धरली आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथले डॉक्टर तेच, ज्यांना गडबने पावसाआधी परत पाठवलं होतं. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी एका शब्दानेही टोमणा मारला नाही, आणि तेच तिला जड गेलं. "उशीर झालाय," ते म्हणाले, "पण न देण्यापेक्षा बरं. माझ्याकडे लस आहे. वर कळवायचं ते मी कळवतो. उद्या सकाळी चला माझ्याबरोबर."

सकाळी ते दोघं बर्फाचा डबा घेऊन गडबमध्ये घरोघर फिरले. काहींनी टोचून घेतलं. काही म्हणाले, काल झालं की, किती भोकसाल? जगनने दोनदा हात जोडले आणि दार लावून घेतलं. इंदुबाईच्या अंगणात कान्हू नव्हता. तो धाटावला कामावर गेला होता, पहिल्या शिफ्टला. मोगरी गोठ्यात रवंथ करत होती, निरोगी, काळीभोर. इंदुबाई दारात आली आणि गोठ्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली.

"मावशी, ही सरकारी आहे," अमीना म्हणाली. "दरवर्षी यायची तीच. हिच्याशी कंपनीचा काही संबंध नाही."

"कळलं."

"कालचं मी सांगितलं ते खरं होतं."

"ते पन कळलं गो. घरातच कळलं मला." तिचे डोळे सुजलेले होते. "पोरगा रात्री जेवला नाय. पन सकाळी उठून डबा घेऊन त्याच सायबाकडं गेला."

"मग टोचू द्या ना. ही चांगली लस आहे. खरंच सांगते."

इंदुबाईने तिच्या हाताला हात लावला. हात गरम आणि खरखरीत होता, आणि त्यात राग नव्हता.

"पोरी, तू खोटं बोलत नायस. मला ठाऊक हाय. पन तवा पन तू खोटं बोलत नव्हतीस."

डॉक्टर डबा घेऊन फाटकापाशी थांबले होते.  अमीनाजवळ प्रयोग होता, दोन्ही मांडण्यांचा निकाल होता, सगळी कारणं नीट ओळीने होती. यांतल्या कशाने ही बाई गोठ्यापुढून बाजूला होईल, ते तिला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

"जा आता," इंदुबाई म्हणाली. "ऊन चढतंय. त्यांचा बरफ वितळंल."